४के फुटेजखाली दबलेली टाइमलाइन: एडिटिंग सॉफ्टवेअर अडकतं तेव्हा कुठून सुरुवात करायची

दोन कॅमेरे, एक गिंबल, एक ड्रोन आणि शिवाय नवरीच्या मावसभावाने मोबाइलवर काढलेल्या क्लिपा. कोल्हापुरातल्या साध्या लग्नाचं फुटेज आज सहज तीनशे जीबीवर जातं. हळद, अक्षता, पाठवणी, वरात सगळं एकाच प्रोजेक्टमध्ये ओतलं की प्ले दाबल्यावर चित्र जागच्या जागी थांबतं, हलगीचा आवाज मात्र पुढे जात राहतो. थोड्या वेळाने खिडकी पांढरी पडते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ झळकतं. नवखा एडिटर अशा वेळी विंडोज पुन्हा टाकतो, नाहीतर दुकानात जाऊन रॅम वाढवून आणतो. बहुतेक वेळा दोन्हींनी काही फरक पडत नाही, कारण अडचण तिथे नसतेच.

नेमकं कोण अडतंय हे आधी शोधायचं आणि मगच खिशात हात घालायचा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. उदाहरणं प्रीमियर प्रो आणि दा विंची रिझॉल्व्ह या दोन एडिटिंग सॉफ्टवेअरची आहेत आणि मशीन विंडोजचं धरलं आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक स्टुडिओत हेच असतं.

हाताशी काय हवं

- मीडियाइन्फो: फाइलच्या पोटात काय आहे ते दाखवतं, फुकट आहे.
- क्रिस्टलडिस्कइन्फो आणि क्रिस्टलडिस्कमार्क: पहिलं डिस्कची तब्येत सांगतं, दुसरं तिचा वेग. दोन्ही फुकट.
- हँडब्रेक: मोबाइलच्या क्लिपांचा फ्रेम रेट स्थिर करायला. हेही फुकट.
- यूएसबी ३ चा कार्ड रीडर.
- कामासाठी एक एसएसडी, साठवणीसाठी दोन हार्ड डिस्क.
- यूपीएस. पावसाळ्यात त्याच्याशिवाय रात्रभराचं काम लावू नका.
- एक कागद. त्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव (शेवटच्या अक्षरासकट), रॅम किती आणि किती पट्ट्यांत, ग्राफिक कार्ड आणि त्याची मेमरी, सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा आणि कॅबिनेटवर चिकटवा. कुणालाही मदत विचारलीत तरी पहिले प्रश्न हेच येणार.

१. फुटेज ओळखा

प्रत्येक कॅमेऱ्याची एकेक क्लिप मीडियाइन्फोमध्ये उघडा आणि पाच गोष्टी टिपा: कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), रिझोल्यूशन, फ्रेम रेट, बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बिटांत साठवल्या ते) आणि क्रोमा सबसँपलिंग (रंगाची माहिती किती गाळली ते, म्हणजे ४:२:० किंवा ४:२:२ असे आकडे). शेवटच्या दोन गोष्टींकडे कुणी बघत नाही आणि तिथेच मेख असते.

फाइल मोठी म्हणून मशीन अडकतं, हा सर्रास असलेला गैरसमज आहे. खरं तर अनेकदा उलटं घडतं. एच.२६४ आणि एच.२६५ हे कोडेक फाइल लहान ठेवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक फ्रेम पूर्ण ठेवतात, पुढच्या काही फ्रेममध्ये फक्त काय बदललं एवढंच लिहितात. गूळ मार्केटातल्या अडत्याची कीर्द डोळ्यासमोर आणा. पहिल्या पानावर पूर्ण शिल्लक आहे आणि पुढच्या पानांवर फक्त जमा-नावे. बाराव्या पानावरची शिल्लक हवी असेल तर पहिल्यापासून बेरीज करत यावं लागतं. टाइमलाइनवर तुम्ही मधेच उडी मारता किंवा उलटं चालवता, तेव्हा सॉफ्टवेअरला दर वेळी हीच बेरीज करावी लागते. म्हणून सरळ चालवताना ठीक वाटणारी क्लिप मागे ओढताना अडखळते.

आता आकडे बघा. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि ४के यूएचडीत ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. उलगडलेली (डीकोड केलेली) एक ४के फ्रेम ८ बिटमध्ये, पिक्सेलला चार बाइट धरून, सुमारे ३३ एमबी भरते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका कॅमेऱ्याचे सेकंदाला ८३० एमबी आणि तीन कॅमेऱ्यांच्या मल्टिकॅमचे (तिन्ही कॅमेरे एकत्र चालवण्याचे) अडीच जीबी होतात. डिस्कवर मात्र तीच क्लिप १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) असेल तर सेकंदाला साडेबारा एमबीच घेते. म्हणजे ओझं डिस्कवर कमी आणि उलगडणाऱ्यावर जास्त.

उलगडण्याचं हे काम ग्राफिक चिपमधल्या खास सर्किटने केलं तर हलकं जातं, प्रोसेसरवर पडलं तर जड. हे सर्किट सगळेच प्रकार उलगडत नाही. ८ बिट ४:२:० चं एच.२६४ जवळजवळ कुठेही चालतं. १० बिट ४:२:२ आलं की गणित बदलतं:

- एनव्हिडियाची ४० मालिकेपर्यंतची कार्डं ४:२:२ उलगडत नाहीत. ती सोय ५० मालिकेपासून आली.
- इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स १० बिट ४:२:२ चं एच.२६५ उलगडतं.
- तेच ४:२:२ एच.२६४ मध्ये असेल, तर आजच्या बहुतेक मशीनवर ते प्रोसेसरच्याच गळ्यात पडतं.

सोनीचे कॅमेरे वापरणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४, एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५ आणि एक्सएव्हीसी एस-आय म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र. शेवटच्या प्रकारात फाइल मोठी होते, पण टाइमलाइनवर ती हलकी चालते. कॅमेऱ्यात नुसतं ‘४के’ निवडून मोकळं होऊ नका. खाली १० बिट ४:२:२ लावलंय का ते बघा. ज्या कामात कलर ग्रेडिंग फारसं नाही, तिथे ८ बिट ४:२:० ने काम भागतं आणि एडिटरचे दोन दिवस वाचतात.

सापळा: नवीन मशीन जोडून घेताना दुकानदार इंटेलचा ‘एफ’ अक्षराने संपणारा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो म्हणून सुचवतात. त्या ‘एफ’चा अर्थच असा की आतलं ग्राफिक्स बंद. खेळ खेळणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. एडिटरने मात्र हा प्रोसेसर घेऊ नये. ‘एफ’ नसलेला प्रोसेसर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अॅडॅप्टर्स’ उघडा. तिथे एनव्हिडियासोबत इंटेलचंही नाव दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर बहुधा बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ते बंद आहे, चालू करा. एवढ्या एका बदलाने अडणारी टाइमलाइन सुटल्याची उदाहरणं कमी नाहीत.

२. कोण दमलंय ते बघा

टाइमलाइन अडते त्या जागी प्लेहेड ठेवा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’ टॅबवर जा, खिडकी बाजूला लावा आणि प्ले करा. दहा-पंधरा सेकंद फक्त आलेख बघायचे.

प्रोसेसर ९५-१०० टक्क्यांवर आणि ग्राफिक्सच्या पानावरचा ‘व्हिडिओ डीकोड’ आलेख तळाशी आडवा पडलेला दिसला तर निदान झालं. उलगडण्याचं काम प्रोसेसरवर पडतंय. पायरी ५ आणि ६ तुमच्यासाठी आहेत.

डिस्कचा ‘अॅक्टिव्ह टाइम’ १०० टक्क्यांना चिकटलाय आणि प्रोसेसर निवांत आहे? मग पायरी ४.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर आधी ब्राउझर बंद करा, मग पायरी ७ मधला फोटोंचा भाग वाचा. रॅमबद्दल स्पष्टच सांगायचं तर ४के साठी १६ जीबी म्हणजे तळ आणि ३२ जीबी म्हणजे बरं. रॅम दोन सारख्या पट्ट्यांत घ्या. १६ ची एकच पट्टी लावली तर मेमरीचा अर्धा रस्ता रिकामा राहतो.

सगळेच आलेख खाली आहेत आणि तरी अडतंय, असंही होतं. तेव्हा प्रोसेसरच्या पानावर ‘स्पीड’ या आकड्याकडे बघा. एरवी तीन-चार गिगाहर्ट्झवर पळणारा प्रोसेसर एक गिगाहर्ट्झच्या आसपास रेंगाळत असेल तर त्याला ताप चढलाय किंवा वीज कमी मिळतेय. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेट उघडा. जोतिबाची यात्रा, गणपतीची मिरवणूक अशी कामं करणाऱ्यांच्या बॅगेतून आणि कपड्यांवरून गुलाल स्टुडिओत येतो आणि पंख्यामागच्या पत्र्यांच्या फटींत धुळीसोबत त्याचा गुलाबी थर बसतो. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरा. साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेने ते गरगर फिरून खराब होतं. कार्ड रीडरच्या खाचेतही तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते.

३. कार्ड रिकामं करण्याची शिस्त

पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या पायरीत असतं.

कार्डवरच्या फक्त व्हिडिओ फाइली उचलू नका, अख्खं कार्ड जसंच्या तसं कॉपी करा. सोनीच्या कार्डवर ‘प्रायव्हेट’ फोल्डरच्या आत ‘एम४रूट’ आणि त्याच्या आत ‘क्लिप’ असतं. सोबतच्या छोट्या फाइलींत क्लिपची माहिती असते, ती कामाला येते. दर कार्डाला वेगळं फोल्डर करा: तारीख, कार्यक्रम, कॅमेरा, कार्ड क्रमांक.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फाइलींची नावं. सारख्या कंपनीचे दोन कॅमेरे दोन्हीकडे ‘सी०००१’ नावाची फाइल बनवतात. पुढे कधी डिस्क बदलली आणि ‘मीडिया ऑफलाइन’ आलं की सॉफ्टवेअर नावावरून फाइल शोधतं आणि मंडपातल्या कॅमेऱ्याच्या जागी जेवणाच्या हॉलमधला कॅमेरा येऊन बसतो. म्हणून इंपोर्ट करण्याआधीच, मूळ प्रत बाजूला ठेवून, कामाच्या प्रतीतल्या फाइलींना कॅमेऱ्याचं अक्षर जोडा. इंपोर्टनंतर नावाला हात लावायचा नाही.

फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर यांतच ठेवा. मराठी नावं विंडोजला चालतात, पण काही प्लगिन त्यावर अडतात. फोल्डरात फोल्डर असं खोल जाऊ नका. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की बरीच सॉफ्टवेअरं फाइल उघडायला नकार देतात आणि कारणही नीट सांगत नाहीत.

कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन डिस्कांवर दोन प्रती झाल्याच पाहिजेत आणि दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवी. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर या भागांत पाणी शिरलं होतं. तळमजल्यावर स्टुडिओ असेल तर राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचली, की डिस्का वर हलवा. ४३ फुटांची धोका पातळी येईपर्यंत थांबू नका. लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

४. ड्राइव्हची वाटणी

हार्ड डिस्क एकच मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते. तीन कॅमेऱ्यांना मिळून सदतीस-अडतीस एमबी लागतात, मग अडतं कशाला? कारण डिस्कच्या आत एकच सुई आहे. तीन फाइली एकाच वेळी मागितल्या, की ती सुई तीन ठिकाणी पळत राहते आणि वाचण्यापेक्षा पळण्यातच वेळ जातो. एसएसडीत सुईच नाही. साधी साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास देते आणि एनव्हीएमई प्रकारातली जुन्या तिसऱ्या पिढीची असली तरी साडेतीन हजारापर्यंत जाते. ४के लग्नाला साटा एसएसडी पुरते. घाईत एनव्हीएमईसाठी जास्तीचे पैसे घालू नका.

वाटणी अशी ठेवा:

- सी ड्राइव्ह: विंडोज आणि सॉफ्टवेअर, बाकी काही नाही.
- एसएसडी: चालू कामाचं फुटेज किंवा प्रॉक्सी (त्याच्या हलक्या प्रती, पायरी ६), कॅशे (सॉफ्टवेअरने बनवलेल्या तात्पुरत्या फाइली) आणि प्रोजेक्ट फाइल.
- हार्ड डिस्क: मूळ फुटेजचा साठा.

बाहेरची डिस्क लावताना पोर्ट बघा. निळ्या जिभेचा पोर्ट बहुधा यूएसबी ३ असतो. काळ्या जिभेच्या यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला चाळीस एमबीच्या वर क्वचितच मिळतात. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टांची वायर आतून अनेकदा सैल असते, म्हणून मागचा पोर्ट वापरा. खात्री हवी असेल तर क्रिस्टलडिस्कमार्क लावा. बाहेरच्या एसएसडीचा वाचण्याचा आकडा चाळीसच्या आसपास आला तर डिस्क खराब नाही, पोर्ट किंवा वायर चुकली आहे.

एसएसडी काठोकाठ भरू नका, पाचवा हिस्सा तरी मोकळा हवा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्ड डिस्कसमोर पिवळी ‘कॉशन’ खूण दिसली तर त्या डिस्कवर एडिटिंग थांबवा आणि आधी तिच्यावरचा माल दुसरीकडे न्या.

अजून एक. बाहेरच्या डिस्कचं अक्षर बदललं की सगळं फुटेज ऑफलाइन दिसतं. पेनड्राइव्ह आधी लागला, डिस्क नंतर, एवढ्याने ‘ई’चं ‘एफ’ होतं. घाबरून एकेक क्लिप जोडत बसू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं अक्षर परत द्या.

५. सॉफ्टवेअरमधल्या सेटिंग

प्रीमियरमध्ये:

- ‘फाइल → प्रोजेक्ट सेटिंग्ज → जनरल’ मध्ये रेंडररसमोर ‘जीपीयू अॅक्सेलरेशन’ असलं पाहिजे. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ दिसत असेल तर ग्राफिक कार्ड बसून आहे. ड्रायव्हर जुना असेल. एनव्हिडियाचा ‘स्टुडिओ ड्रायव्हर’ घाला, ‘गेम रेडी’ नको.
- ‘एडिट → प्रेफरन्सेस → मीडिया’ मध्ये हार्डवेअर डीकोडिंगची खूण चालू करा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.
- ‘मेमरी’मध्ये इतर प्रोग्रॅमसाठी राखीव रॅम कमीत कमी ठेवा. १६ जीबीच्या मशीनवर ४ जीबी पुरे.
- ‘मीडिया कॅशे’ची जागा सी ड्राइव्हवरून एसएसडीवर न्या. जुनं काम संपलं की तिथूनच कॅशे पुसा. कॅशे पुसल्याने फुटेज किंवा कट जात नाहीत. पुढच्या वेळी प्रोजेक्ट उघडताना थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच.
- प्रोग्रॅम मॉनिटरखाली प्लेबॅक रिझोल्यूशन १/४ ठेवा. हे फक्त बघण्यापुरतं आहे, एक्स्पोर्टवर त्याचा परिणाम नाही.

रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूतून टाइमलाइनचं प्लेबॅक रिझोल्यूशन ‘हाफ’ किंवा ‘क्वार्टर’ करा आणि ‘रेंडर कॅशे’ ‘स्मार्ट’वर ठेवा. कॅशेची जागा प्रोजेक्ट सेटिंगमधल्या ‘मास्टर सेटिंग्ज’मधून बदलते. त्याच पानावर टाइमलाइन फ्रेम रेट आहे. तो पहिली क्लिप आत घेण्याआधीच २५ करा, नंतर तो रकाना गोठतो. आपल्याकडे कॅमेरे २५ आणि ५० वर चालवतात, रिझॉल्व्ह मात्र नवा प्रोजेक्ट २४ वर उघडतं.

अँटिव्हायरसला फुटेजचं आणि कॅशेचं फोल्डर वगळायला सांगा. डेस्कटॉपवर फुटेज ठेवलं असेल तर वनड्राइव्ह ते गुपचूप वर चढवत असतं, तेही बघा.

६. प्रॉक्सी: खरा इलाज इथे आहे

वरचं सगळं करूनही अडत असेल, किंवा फुटेज १० बिट ४:२:२ असेल, तर थेट प्रॉक्सी करा. प्रॉक्सी म्हणजे प्रत्येक क्लिपची लहान, उलगडायला हलकी प्रत. कट त्या प्रतीवर मारायचे आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलीवरून होतं. प्रॉक्सी केल्याने दर्जा उतरतो, ही भीती चुकीची आहे.

कोणता कोडेक? प्रोरेस ४२२ प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी. यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणजे कीर्दीच्या दर पानावर पूर्ण शिल्लक. एच.२६४ ची प्रॉक्सी करू नका. ती जागा कमी घेते, पण मागे-पुढे ओढताना पुन्हा तीच बेरीज आली. जागाच नसेल तरच तो मार्ग धरा.

किती जागा? १०० एमबीपीएसचं मूळ फुटेज तासाला ४५ जीबी. फुल एचडी आकाराची प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला साधारण ३८ एमबीपीएस, म्हणजे तासाला १७ जीबी. सहा-सात तासांच्या फुटेजला सव्वाशे जीबी धरा. ५०० जीबीची एसएसडी एका वेळी दोन लग्नं आरामात पेलते. उलट मूळ ४के फुटेज अख्खं प्रोरेस ४२२ मध्ये बदलायला गेलात तर तासाला २२० जीबी लागतील, त्या वाटेला जाऊ नका.

प्रीमियरमध्ये असं करा:

१) प्रोजेक्ट पॅनलमध्ये क्लिपा निवडा, उजवं बटण, ‘प्रॉक्सी → क्रिएट प्रॉक्सीज’.
२) फॉरमॅट ‘क्विकटाइम’, प्रीसेट प्रोरेस प्रॉक्सीचा, जागा एसएसडीवरचं वेगळं फोल्डर.
३) काम मीडिया एन्कोडरकडे जातं. रात्री लावून ठेवा. मशीन झोपू नये म्हणून विंडोजची ‘स्लीप’ सेटिंग ‘नेव्हर’ करा.
४) प्रोग्रॅम मॉनिटरखालच्या अधिकच्या खुणेवर क्लिक करून ‘टॉगल प्रॉक्सीज’चं बटण खाली ओढून आणा. ते निळं असेल तरच प्रॉक्सी चालू आहे. तासभर प्रॉक्सी करून हे बटण न दाबणारे आणि ‘काही फरक नाही’ म्हणणारे खूप आहेत.

रिझॉल्व्हमध्ये आधी ‘मास्टर सेटिंग्ज’मध्ये प्रॉक्सीचं रिझोल्यूशन ‘हाफ’ आणि फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी ठेवा. मग मीडिया पूलमध्ये क्लिपा निवडून उजवं बटण, ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. झाल्यावर प्लेबॅक मेनूत ‘प्रॉक्सी हँडलिंग’ खाली ‘प्रीफर प्रॉक्सीज’ निवडा.

प्रॉक्सीतले तीन सापळे. बाहेर बनवलेली प्रॉक्सी जोडताना आवाजाचे चॅनेल मूळ फाइलीइतकेच हवेत. मूळमध्ये चार आणि प्रॉक्सीत दोन असतील तर प्रीमियर ती घेत नाही. दुसरं, प्रॉक्सीचा फ्रेम रेट मूळचाच ठेवा. ड्रोनची ५० ची क्लिप २५ ची केलीत तर स्लो मोशन बिघडतं. तिसरं, रंग जुळवताना आणि फोकस तपासताना प्रॉक्सी बंद करा. लहान प्रतीत मऊ फोकस कळत नाही, तो टीव्हीवर गेल्यावर दिसतो.

७. मोबाइलच्या क्लिपा आणि फोटो

पाहुण्यांचे मोबाइल स्थिर फ्रेम रेटवर रेकॉर्ड करत नाहीत. उजेड कमी झाला की फोन फ्रेम कमी करतो. मीडियाइन्फोत ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसलं की समजा, पुढे ओठ आणि आवाज जुळणार नाहीत. अशा क्लिपा थेट टाइमलाइनवर टाकू नका. हँडब्रेकमध्ये व्हिडिओ टॅबवर फ्रेम रेट २५ आणि ‘कॉन्स्टंट’ निवडून नवी फाइल करा, मगच आत घ्या.

फोटोंचं ओझं कुणाच्या लक्षातच येत नाही. ६००० × ४००० चा फोटो डिस्कवर दहा एमबीचा असेल, पण उघडल्यावर मेमरीत ९६ एमबी होतो. प्री-वेडिंगचे दीडशे फोटो थेट टाइमलाइनवर ठेवले की रॅम संपते आणि एक्स्पोर्ट नेमकं फोटोंच्या भागात बंद पडतं. आधी सगळे एकदम ३८४० रुंदीचे करून घ्या. फोटोवर झूम मारायचा असेल तेवढेच मोठे ठेवा.

८. जड इफेक्ट शेवटी

आधी कट, मग आवाज, मग रंग आणि सगळ्यात शेवटी नॉइज रिडक्शन आणि स्टॅबिलायझर. चाळीस मिनिटांच्या गिंबल क्लिपवर ‘वॉर्प स्टॅबिलायझर’ टाकू नका. तो केलेलं विश्लेषण प्रोजेक्ट फाइलीतच साठवतो आणि फाइल इतकी फुगते की सेव्ह करतानाही मशीन थांबतं. हवा तो आठ सेकंदांचा तुकडा कापा, नेस्ट करा (म्हणजे त्याची वेगळी छोटी टाइमलाइन करा), त्यावर टाका.

हळद, लग्न आणि वरात यांच्या वेगळ्या सिक्वेन्स (टाइमलाइन) करा आणि एका वेळी एकच उघडी ठेवा. खासबागेतल्या कुस्त्यांसारखं दिवसभराचं चार कॅमेऱ्यांचं काम असेल तर दर कुस्तीची वेगळी सिक्वेन्स. सलग आठ तासांची मल्टिकॅम कुठल्याच मशीनला गोड लागत नाही.

९. तरीही बंद पडत असेल तर

सारखं एकाच जागी बंद पडतं की कुठेही? कुठेही पडत असेल तर उष्णता, रॅम किंवा ड्रायव्हर. एकाच जागी पडत असेल तर तिथली क्लिप, फोटो किंवा इफेक्ट खराब आहे. शोधायला सिक्वेन्सची प्रत काढा, अर्धा भाग पुसा, एक्स्पोर्ट लावा. चाललं तर दोष पुसलेल्या अर्ध्यात, नाही चाललं तर उरलेल्यात. दोषाच्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. पाच-सहा फेऱ्यांत नेमकी क्लिप हाती लागते. ती मूळ कार्डाच्या दुसऱ्या प्रतीवरून पुन्हा घ्या किंवा हँडब्रेकमधून काढा.

प्रोजेक्टच उघडत नसेल तर नवा रिकामा प्रोजेक्ट करून जुना त्यात इंपोर्ट करा. तेही जमलं नाही तर ‘ऑटो-सेव्ह’ फोल्डरमधली कालची प्रत उघडा. प्रीमियर सुरू होताना आल्ट दाबून धरलं की प्रेफरन्सेस पुसण्याचा पर्याय मिळतो. रिझॉल्व्हने ‘जीपीयू मेमरी फुल’ म्हटलं तर टाइमलाइनचं रिझोल्यूशन तात्पुरतं फुल एचडी करा, काम संपल्यावर पुन्हा ४के.

१०. एक्स्पोर्ट आणि पेनड्राइव्ह

एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘यूज प्रॉक्सीज’ची खूण नाही ना, हे दर वेळी बघा. रिझॉल्व्हमध्ये हीच खूण ‘डिलिव्हर’ पानावर ‘अॅडव्हान्स्ड’खाली असते. हार्डवेअर एन्कोडिंगवर एक्स्पोर्ट अर्ध्यात तुटत असेल तर सॉफ्टवेअर एन्कोडिंग लावा. वेळ जास्त जातो, पण काम पुरं होतं. फाइल फुटेजच्या ड्राइव्हवर न लिहिता दुसऱ्या ड्राइव्हवर लिहा.

घरच्यांना द्यायची फाइल एच.२६४, ८ बिट ठेवा. १० बिट जुन्या टीव्हीवर काळी दिसते किंवा उघडतच नाही. २० एमबीपीएसला तासाभराची फिल्म ९ जीबी होते. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. जागा असूनही विंडोज ‘फाइल मोठी आहे’ म्हणतं, ते यामुळे. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. पण बरेच जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, म्हणून टीव्ही कोणता आहे हे घरच्यांना आधीच विचारा. जुना असेल तर एफएटी३२ च ठेवा आणि हळद, लग्न, वरात अशा चार जीबीच्या आतल्या वेगवेगळ्या फाइली द्या.

पेनड्राइव्ह देण्याआधी तो कॉम्प्युटरवर नव्हे, टीव्हीला लावून सुरुवात, मध्य आणि शेवट बघा. घरच्यांनी फिल्म बघून होकार दिला की मग प्रॉक्सी आणि कॅशे पुसा. मूळ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल मात्र दोन्ही हार्ड डिस्कांवर राहू द्या.